मुलांचे मानसोपचार: पाच-सात वर्षांनी काय टिकतं?

अबोली_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

लेक नववीत आहे. सातवीत असताना शाळा म्हटलं की तिच्या पोटात कळा यायच्या. रविवारी दुपारनंतर तर घरात कुणी मोठ्याने बोलायचंसुद्धा नाही अशी परिस्थिती. सोनोग्राफीपासून सगळं करून झालं, पोटात काहीच नव्हतं. शेवटी बालरोगतज्ज्ञांनीच मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी दिली. निदान चिंताविकाराचं झालं. सीबीटीची (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) सत्रं आणि जोडीला सर्ट्रालिनची गोळी. आता ती रोज शाळेत जाते, गॅदरिंगला नाचली, परवा मैत्रिणींबरोबर आमच्याशिवाय तुळशीबागेत जाऊन आली.

डॉक्टर म्हणाले, बराच काळ छान चाललंय, आता गोळी हळूहळू उतरवायचा विचार करू. खरं तर आनंदाची गोष्ट. पण मी घाबरले आहे. सासूबाई विचारतात, "आता कायमचं गेलं ना?" डॉक्टरांना विचारलं तर "बघत राहू" म्हणतात.

तर प्रश्न असा की लहानपणी उपचार झालेली मुलं पाच-सात वर्षांनी कुठे असतात? कुणी काही वाचलं असेल, स्वतः त्यातून गेलं असेल, तर लिहा. मोबाइल काढून घ्या, सूर्यनमस्कार घाला, हे सगळं ऐकून झालंय, ते कृपया नको.

नारायणपेठी

आमच्या वेळी पोटात दुखलं की ओवा आणि नाही दुखलं की छडी. असो, विनोद बाजूला. प्रश्न रास्त आहे. दर आठवड्याला हजार-दीड हजार मोजून पुन्हा तेच होणार असेल तर माणसाने काय करावं?

शमिका

अबोली, तुझ्या लेकीच्या परिस्थितीला सगळ्यात जवळचा अभ्यास म्हणजे अमेरिकेतला 'कॅम्स', २००८ साली प्रसिद्ध झालेला. ७ ते १७ वयाची ४८८ मुलं, सगळ्यांना चिंताविकार. चार गट केले: फक्त सीबीटी, फक्त सर्ट्रालिन, दोन्ही एकत्र, आणि औषध नसलेली नुसती गोळी. १२ आठवड्यांनी दोन्ही उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुलं चांगली सुधारली होती. फक्त सीबीटीवाली ६०, फक्त सर्ट्रालिनवाली ५५, आणि औषध नसलेल्या गोळीवर २४. म्हणजे तुम्ही जे केलंत ते सगळ्यात जास्त फायद्याचं ठरलेलं होतं.

आता दुसरी बाजू. याच मुलांपैकी ३१९ जणांना काही वर्षांनी पुन्हा गाठलं आणि मग ओळीने चार वर्षं दर वर्षी तपासलं. २०१८ साली निकाल आला. चारही वर्षं चिंताविकारापासून पूर्ण मोकळी राहिलेली मुलं २२ टक्के. चारही वर्षं त्रास असलेली ३०. आणि उरलेली ४८ टक्के कधी ठीक, कधी पुन्हा आजारी.

सासूबाईंना सांगताना पहिला परिच्छेद आधी वाचून दाखव. :)

नारायणपेठी

म्हणजे शंभरातले अठ्ठ्याहत्तर नापास! एवढ्या गाजलेल्या उपचारांचा हा निकाल असेल तर कठीण आहे.

शमिका

काका, नापास कसे? त्या ४८ टक्क्यांमधली मुलं काही वर्षं ठीकच होती ना. आणि ही मुलं तोपर्यंत कॉलेजात, नोकरीत, प्रेमात, काय काय पडलेली. सगळ्यात मोठी तर पंचविशीत होती. बारा आठवड्यांचा उपचार पुढच्या दहा वर्षांतल्या प्रत्येक परीक्षेला, भांडणाला आणि मृत्यूला पुरून उरेल, अशी अपेक्षाच मला विचित्र वाटते. दमा असलेल्या मुलाला पंप देताना "आयुष्यात पुन्हा धाप लागणार नाही" असं कुणी लिहून मागत नाही.

त्या अभ्यासात मला महत्त्वाच्या वाटलेल्या गोष्टी दोन. सुरुवातीच्या उपचाराने ज्यांना खरोखर बरं वाटलं, ती मुलं पुढेही टिकून राहण्याची शक्यता जास्त होती. आणि सुरुवातीला गोळी मिळाली, सीबीटी मिळाली की दोन्ही, याने इतक्या वर्षांनी फारसा फरक उरला नाही. फरक पडला तो घरातलं वातावरण कसं आहे आणि मधल्या काळात आयुष्यात काय आदळलं याने.

नैराश्याचं चित्रही असंच आहे. 'टॅड्स' नावाचा ४३९ किशोरांचा अभ्यास. १२ आठवड्यांना एकत्र उपचार पुढे, सीबीटी एकटी बरीच मागे. ३६ आठवड्यांना मात्र एकत्र उपचार ८६ टक्के आणि गोळी व सीबीटी दोघी ८१-८१. सीबीटी उशिरा पोचली, पण पोचली. त्यांतल्या १९६ जणांचा पाच वर्षं माग काढला तेव्हा ९६ टक्के मुलं त्या नैराश्यातून बाहेर आलेली होती. पण बाहेर आलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना पुन्हा एकदा नैराश्य येऊन गेलं होतं, मुलींना जास्त प्रमाणात.

अबोली_कर्वेनगर

शमिका, हे वाचून आधी पोटात गोळा आला आणि मग थोडं हलकं वाटलं. "घरातलं वातावरण" याचा अर्थ काय घ्यायचा पण? हे वाक्य आलं की सगळे माझ्याकडे बघतात. नवऱ्याकडे कुणी बघत नाही.

हिंजवडीचा_वाटसरू

ताई, तुम्ही विचारलेलं ते "पाच-सात वर्षांनी" म्हणजे मी.

आठवीत मंत्रचळ सुरू झाला. हात धुणं, दप्तर पुन्हा पुन्हा लावणं, आईकडून तेच तेच वदवून घेणं. उपचार झाले ते एक्सपोजरचे: दाराची कडी हाताळायची आणि हात धुवायचे नाहीत, अस्वस्थता वर चढते ती आपोआप उतरेपर्यंत बसून राहायचं. ऐकायला सोपं वाटतं, करताना जीव जातो. गोळ्याही होत्या. दहावीपर्यंत जवळजवळ सगळं आटोक्यात आलं.

इंजिनिअरिंगची चार वर्षं निवांत गेली. पहिली नोकरी लागली, रात्रीच्या शिफ्ट, नवं शहर, आणि परत सुरू. या वेळी हात नाही, ईमेल. पाठवलेली ईमेल उघडून उघडून तपासायची, काही चुकीचं लिहिलं का म्हणून. आकड्यांच्या हिशेबात मी त्या ४८ टक्क्यांतला.

पण पहिल्यांदा झालं तेव्हा आम्हाला कळायलाच दीड वर्ष गेलं होतं. आजीने दृष्ट काढली, एका काकांनी नाशिकला शांत करून घ्यायला लावली. दुसऱ्यांदा मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं की हा तोच प्राणी आहे, नुसते कपडे बदलून आलाय. स्वतः फोन केला, स्वतः गेलो. ईमेल पाठवायची आणि पुन्हा उघडायची नाही, हा व्यायाम मला कुणी नव्याने शिकवावा लागला नाही. आता गोळी अगदी कमी डोसवर आहे आणि ती कधी बंद होणार हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारायचंही सोडून दिलंय, कारण आयुष्य नीट चाललंय.

घरातल्या वातावरणाबद्दल: माझी आई मी विचारीन तितक्या वेळा "हो रे, स्वच्छ आहे" म्हणायची. प्रेमापोटीच. थेरपिस्टने तिला ते बंद करायला लावलं तेव्हा आठवडाभर घरात युद्ध होतं. माझ्या मते माझ्या उपचारातला सगळ्यात कठीण भाग तिने केला.

वैशाली_शाळावाली

वाटसरू, तुझ्या आईला नमस्कार सांग.

मी शाळेत समुपदेशक आहे. कोणती शाळा ते लिहीत नाही. अबोली, "वातावरण" म्हणजे भांडणं किंवा घटस्फोट एवढंच नाही. त्याने जे लिहिलं तेच: मुलाची भीती कमी व्हावी म्हणून घरातले सगळे आपला दिनक्रम वाकवतात. व्हॅन नको म्हणते, मग बाबा कर्वे रस्त्याच्या गर्दीतून रोज कारने सोडतात. प्रेझेंटेशन नको, मग आई बाईंना चिठ्ठी लिहिते. मूल त्या दिवसापुरतं शांत होतं आणि भीती गुबगुबीत होत जाते. अमेरिकेत येल विद्यापीठात फक्त पालकांना शिकवून पाहिलं, मुलाला थेरपिस्टकडे न्यायचंच नाही. २०२० साली आलेल्या त्या अभ्यासात १२४ मुलं होती, आणि निकाल मुलांना सीबीटी दिल्याइतकाच चांगला निघाला. त्यात पालकांना दोष दिलेला नाही हे लक्षात घे. त्यांच्या हातात काहीतरी दिलं, एवढंच.

आता माझं स्वतःचं निरीक्षण. उपचार फसतात ते बहुतेक वेळा फसत नाहीत, अर्धवट सुटतात. मूल शाळेत येऊ लागलं की पालक हुश्श करतात आणि सत्रं बंद. मग पुढच्या जूनमध्ये तुकडी बदलते, बाई बदलतात, आणि सप्टेंबरमध्ये माझ्यासमोर तीच खुर्ची. शेवटची काही सत्रं "पुन्हा झालं तर काय करायचं" यासाठी असतात, आणि बहुतेक घरं नेमकी तीच बुडवतात.

आणि गोळी उतरवण्याबद्दल एक. डॉक्टर बहुधा शांत काळ निवडायला सांगतात, म्हणजे उन्हाळ्याची सुटी. ते बरोबरच. पण तुझ्या मुलीची भीती शाळेशी बांधलेली आहे. सुटीत ती मजेतच असणार! खरी परीक्षा जूनमध्ये. आणि दहावीच्या क्लासची व्हेकेशन बॅच एप्रिलमध्येच सुरू होत असेल तर शांत काळ तरी कुठला धरायचा, हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. दहावी होईपर्यंत थांबू या, असंही ते म्हणू शकतील. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी कमी करू नकोस.

पर्वती_पायथा

मी स्पष्टच लिहितो. हे सगळं अमेरिकेचं चाललंय. आपल्याकडे एकत्र कुटुंब असतं, आजी-आजोबा असतात, मुलांना एवढं काही होत नाही. आणि मोबाइल तर हातातून काढाच...

अबोली_कर्वेनगर

आला मोबाइल!

शमिका

पर्वती, "आपल्याकडे एवढं होत नाही" याला उत्तर आहे. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला. सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, मुलांचा हा भाग त्यांतल्या मोजक्याच राज्यांत, आणि त्यात महाराष्ट्र नव्हता, म्हणजे पुण्याबद्दल ते थेट काही सांगत नाही.  पण एकत्र कुटुंबं तिथेही आहेत.

तुमच्या आक्षेपात तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी. दहा-दहा वर्षं मुलांच्या मागे राहणारे अभ्यास जवळजवळ सगळे श्रीमंत देशांतले आहेत. तिथल्या मुलाला थेरपिस्ट मिळाला होता, हेच आपल्याकडे गृहीत धरता येत नाही.

वैशाली_शाळावाली

भारतातलंही थोडं आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी शाळांत 'सेहेर' नावाचा प्रयोग झाला. काही शाळांत शाळेतल्याच शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, काही ठिकाणी मानसशास्त्राची पदवी नसलेले, पण शिकवून तयार केलेले समुपदेशक नेमले. कार्यक्रम तोच. समुपदेशकांच्या शाळांमध्ये नैराश्याची लक्षणं, दादागिरी, मारामाऱ्या, सगळं कमी झालं. शिक्षकांकडे दिलेल्या शाळांत काहीच फरक नाही!

आमच्या मुख्याध्यापकांना मी हे दाखवलं. ते म्हणाले, "बाई, शिक्षकांना वेळ कुठे आहे?" तेच तर म्हणणं आहे. निवडणूक ड्यूटी, पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरणं, आणि वर मुलांची मनंही त्यांनीच बघायची.

संपादक

शिक्षकांच्या अशैक्षणिक कामांवर स्वतंत्र धागा आहे, त्यावरची चर्चा तिकडे करावी. इथे मूळ विषय चालू द्या.

बावधनचे_बाबा

चिंता आणि नैराश्यावर बोलणं झालं, एडीएचडीबद्दल (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) मी लिहितो. मुलगा अकरावीत. दुसरीपासून हे प्रकरण घरात आहे.

यातला सगळ्यात मोठा अभ्यास 'एमटीए'. ५७९ मुलं, वय सात ते नऊ, १४ महिने उपचार. निकाल १९९९ साली. नीट लक्ष ठेवून दिलेलं औषध आणि औषध अधिक वर्तनोपचार, चारपैकी हे दोन गट लक्षणांच्या बाबतीत पुढे होते. मग अभ्यासाने हात काढून घेतला आणि कुटुंबांना हवं ते करू दिलं. तिसऱ्या वर्षी चारही गट सारखेच! आठव्या वर्षीही सारखेच. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मी बायकोला म्हटलं, मग आपण गेली इतकी वर्षं करतोय काय?

नंतर आमच्या डॉक्टरांनी एक गोष्ट दाखवली. १४ महिन्यांनंतर दर महिन्याला भेटणारं, डोस जुळवणारं, शाळेशी बोलणारं माणूसच राहिलं नव्हतं. उपचार चालू असेपर्यंत फायदा होता, पातळ झाला तसा फायदाही पातळ झाला. यावर डॉक्टर मंडळींत वाद आहेत, मी काही तज्ज्ञ नाही. पण मला ते पटतं. त्याच मुलांचा पंचविशीपर्यंतचा आढावा २०२२ साली आला. कायमची मोकळी झालेली मुलं साधारण ९ टक्के, आणि ६४ टक्के मुलांची लक्षणं येत-जात राहिलेली.

आमच्याकडेही तसंच आहे. सहावीत औषध बंद केलं होतं, आठवीत बीजगणित आलं आणि पुन्हा सुरू केलं. आता तो स्वतः सांगतो, बाबा, या सहामाहीला लागेल असं वाटतंय. सात वर्षांचं पोर हे सांगू शकलं नसतं.

एक अनुषंगिक: या औषधांनी भूक मरते आणि उंचीवर थोडा परिणाम होऊ शकतो. उंची-वजन नियमित मोजून घ्या. आमच्या दाराच्या चौकटीवर खुणा आहेत.

सायली_पिंचिं

मला गोळ्यांचीच भीती वाटते. नैराश्याच्या गोळ्यांनी मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढतात म्हणे ना?

शमिका

म्हणे नाही, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) २००४ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा छापायला लावला. २४ चाचण्या, ४४०० हून जास्त मुलं. असे विचार किंवा तसं वागणं औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत २ टक्के. त्या चाचण्यांत एकही मूल आत्महत्येने दगावलं नाही. डॉक्टर यातून काढतात तो अर्थ असा की पहिले काही आठवडे आणि डोस बदलताना मुलावर बारीक लक्ष हवं. गोळी देऊच नये, असा नाही. न उपचारलेल्या नैराश्यातही धोका असतोच, आणि तो कुठल्या माहितीपत्रकावर छापलेला नसतो.

नारायणपेठी

बरं, मी मघाशी जरा तिरकस लिहिलं. माझी नात तेरा वर्षांची आहे आणि गेले काही महिने खोलीबाहेर येत नाही, म्हणून धाग्यावर आलो होतो. मुलगा-सून दोघे आयटीत, ते म्हणतात वयाचा भाग आहे. मला तसं वाटत नाही. पैशांचा प्रश्न खरा आहे, कारण त्यांचे हप्ते चालू आहेत. जायचं कुठे?

वैशाली_शाळावाली

काका, किती महिने, झोप-जेवण कसं आहे, मैत्रिणींशी बोलणं तुटलंय का, मार्क एकदम घसरलेत का, हे आधी बघा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ यातलं बरंच काही असेल तर वयाचा भाग म्हणून सोडू नका. आणि मरणाची भाषा करत असेल तर उद्यावर ढकलू नका. तिला सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात भरतं, असं होत नाही.

ससूनमध्ये मनोविकारांची ओपीडी आहे, खर्च नगण्य, गर्दी भरपूर, सकाळी लवकर जा. ज्ञान प्रबोधिनीचं मानसशास्त्राचं काम सदाशिव पेठेतच आहे, तुम्हाला चालत जाण्यासारखं. तिथे कोणत्या सेवा कुणासाठी आहेत ते आधी फोनवर विचारा. खाजगीत जाणार असाल तर पाटीवरचं "समुपदेशक" बघून आत शिरू नका. औषध फक्त डॉक्टर देऊ शकतात, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. ती विचारण्यात संकोच नको, चांगला माणूस रागावत नाही.

बावधनचे_बाबा

विम्याचं: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांनाही संरक्षण देणं बंधनकारक आहे. पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देतात. दर आठवड्याची सत्रं त्यात बसत नाहीत. ओपीडीचं कलम असेल तर बघा, नसेल तर खिशातून.

अबोली_कर्वेनगर

सगळ्यांचे आभार. काका, तुमच्या नातीबद्दल कळवत राहा.

डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाताना हे प्रश्न नेणार आहे. गोळी आता उतरवायची की दहावीनंतर? उतरवायची ठरलं तर किती टप्प्यांत, आणि जून-जुलैमध्ये भेटी जवळजवळ ठेवता येतील का? सीबीटीच्या ताई दोन-तीन महिन्यांनी एखादं सत्र घेतील का, सगळं ठीक असतानाही? परत सुरू होताना तिच्यात पहिल्यांदा काय दिसेल? शेवटचा प्रश्न मी तिलाच विचारला. म्हणाली, "आई, मी रविवारी संध्याकाळी कपडे इस्त्री करायला घेतले की समज." मला हे माहीतच नव्हतं.

आणि नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय. आता त्याच्याकडेही बघा.

हिंजवडीचा_वाटसरू

लेकीने सांगितलेली खूण कागदावर लिहून डॉक्टरांना द्या. माझ्या फाइलमध्ये माझी आहे.

नारायणपेठी

सुनेशी बोललो. मुलाशी बोलायचंय. तोवर फोनवर विचारता येईल असं काही आहे का? आणि मराठीत बोलतील का?

वैशाली_शाळावाली

टेलि-मानस, १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, २०२२ पासून, चोवीस तास, फुकट. सुरुवातीला भाषा विचारतात, मराठी निवडा. पालक किंवा आजोबांनी केला तरी चालतो.